सगळ्यांना कळवलं, तिला सोडून: तातियाना तारासॉफची हत्या आणि समुपदेशकाच्या गुपिताची हद्द

कॉलेजात समुपदेशक नेमा, ही मागणी आपल्याकडे प्रत्येक दुर्घटनेनंतर होते आणि महिनाभरात विरते. या वेळी तिला जरा वजन आलं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असलाच पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे आज ना उद्या आपल्या घरातलं कुणीतरी त्या खोलीत जाऊन बसणार.

तिथे बसलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात एकच शंका असते: मी इथे बोललेलं बाहेर जाणार नाही ना? "अजिबात नाही, निश्चिंत राहा," असं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. ते पूर्ण खरं नाही. काही वेळा समुपदेशकाला ते बाहेर सांगावं लागतं, काही वेळा सांगण्याची मुभा असते, आणि या दोन्हींमधली सीमारेषा कुठे आहे यावर जगभरचे डॉक्टर, वकील आणि न्यायाधीश गेली पन्नास वर्षं वाद घालत आहेत. तो वाद १९६९ साली कॅलिफोर्नियात मारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीपासून सुरू झाला. मारणारा भारतातून शिकायला गेलेला विद्यार्थी होता.

## तातियाना आणि प्रोसेनजित

तातियाना तारासॉफ रशियन वंशाच्या घरातली, आईवडील आणि भावासोबत बर्कलीत राहणारी, कॉलेजात शिकणारी मुलगी. वय जेमतेम विशीचं. बर्कलीच्या विद्यापीठात 'इंटरनॅशनल हाऊस' नावाचं वसतिगृह आहे, परदेशी आणि स्थानिक विद्यार्थ्यांनी एकत्र राहावं म्हणून बांधलेलं. तिथे लोकनृत्याचे वर्ग चालत. १९६८ च्या पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तातियाना तिथे येऊ लागली आणि तिची ओळख प्रोसेनजित पोद्दारशी झाली. तो बंगालचा. सप्टेंबर १९६७ मध्ये जहाजबांधणीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेला आणि त्याच वसतिगृहात राहणारा.

दोघं आठवड्यातून एकदा वगैरे भेटत. १९६८ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री तिने त्याचं चुंबन घेतलं. त्याने त्याचा अर्थ लावला की आपलं जमलं. तिने स्पष्ट सांगितलं की तसं काही नाही, मला तुझ्यात रस नाही, माझे दुसरे मित्र आहेत. त्यानंतर तो ढासळत गेला. अभ्यास सुटला, खाण्यापिण्याकडे लक्ष राहिलं नाही, एकटाच रडत बसे. दोघांच्या बोलण्याचं तो ध्वनिमुद्रण करून ठेवी आणि ती आपल्यावर प्रेम का करत नाही हे शोधण्यासाठी पुन्हा पुन्हा ऐके.

अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत इथे एक ठरावीक परिच्छेद येतो: भारतातल्या परंपरेत वाढलेल्या मुलाला पाश्चात्य मैत्रीचा अर्थ कळला नाही, सांस्कृतिक गैरसमज झाला. मला हे स्पष्टीकरण फार सोयीचं वाटतं. गैरसमज होता तो तिने तोंडाने दूर केला होता, त्यानंतर दहा महिने गेले होते. आपल्या वर्तमानपत्रांतला 'एकतर्फी प्रेमातून' हा शब्दप्रयोग असाच सोयीचा आहे. १९९० साली उल्हासनगरात रिंकू पाटीलला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात जाळून मारलं, तेव्हाही हाच शब्दप्रयोग वापरला गेला. नकार ऐकून न घेणं याला प्रेमाच्या खात्यात टाकलं की पुढची चर्चा भलतीकडेच जाते.

## दवाखान्यात काय झालं

१९६९ च्या उन्हाळ्यात तातियाना ब्राझीलला गेली. ती नसताना प्रोसेनजित जरा सावरला आणि एका मित्राच्या आग्रहामुळे विद्यापीठाच्या रुग्णालयात, कॉवेल मेमोरियलमध्ये, उपचार घेऊ लागला. आधी मनोविकारतज्ज्ञाने तपासलं, मग नियमित बोलण्यासाठी त्याला डॉ. लॉरेन्स मूर या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं.

ऑगस्टमध्ये त्याने मूरना सांगितलं की एका मुलीला मी मारणार आहे, ती ब्राझीलहून परतली की. नाव घेतलं नाही. पण मुलगी कोण हे ओळखणं अवघड नव्हतं.

मूरनी रुग्णालयातल्या दोन मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. तिघांचं एकमत झालं की याला निरीक्षणाखाली ठेवायला हवं. मूरनी विद्यापीठाच्या पोलिसांना तोंडी कळवलं आणि पोलीसप्रमुखांना पत्र लिहिलं. रुग्णाला तीव्र स्वरूपाचा स्किझोफ्रेनिया असावा, तो स्वतःला आणि इतरांना धोकादायक आहे, असं त्यात होतं. शिवाय एक इशाराही होता, जो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हा माणूस कधीकधी अगदी शहाण्यासारखा वागतो-बोलतो, त्यावर जाऊ नका.

पोलिसांनी प्रोसेनजितला गाठलं. तो अगदी शहाण्यासारखा बोलला. तातियानापासून लांब राहीन, असं त्याच्याकडून वदवून घेतलं आणि त्याला समज देऊन सोडून दिलं.

'समज देऊन सोडून दिलं' हे वाक्य मराठी वाचकाला नवं नाही. पोलीस ठाण्यात मुलीच्या तक्रारीवर एनसी नोंदवायची, मुलाला बोलावून दम द्यायचा, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर हात जोडायला लावायचे, झालं. बर्कलीत सक्तीने दाखल करण्याचा कायदा तर नुकताच, १ जुलै १९६९ पासून बदलला होता. त्याखाली कुणाला किती अधिकार आहे हेच धड स्पष्ट नव्हतं.

मनोविकार विभागाचे प्रमुख डॉ. हार्वे पॉवेलसन यांना हे समजल्यावर त्यांनी पोलिसांकडून ते पत्र परत मागितलं. पत्राच्या प्रती आणि मूरनी काढलेल्या उपचाराच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या आणि रुग्णाला दाखल करण्याची कोणतीही कारवाई करू नये, असा हुकूम दिला. पोलिसांनी उचलल्यानंतर प्रोसेनजित उपचाराला पुन्हा फिरकला नाही.

आता इथे थांबून मोजा, कुणाकुणाला माहीत होतं. मानसशास्त्रज्ञाला, तीन मनोविकारतज्ज्ञांना, पोलिसांना आणि पोलीसप्रमुखांना. तातियानाला नव्हतं. तिच्या आईवडिलांनाही नव्हतं. इतकं की या काळात प्रोसेनजितने तिच्या भावाला आपल्याबरोबर एकाच घरात राहायला तयार केलं. ते घर तारासॉफ कुटुंबाच्या घरापासून जवळच होतं.

२७ ऑक्टोबर १९६९ ला तो तिच्या घरी गेला. ती घरी नव्हती, आईने त्याला जायला सांगितलं. तो पुन्हा आला तेव्हा ती एकटी होती. त्याने छऱ्यांच्या बंदुकीतून गोळी झाडली, ती बाहेर पळाली, अंगणात त्याने तिला गाठून चाकूने मारलं. मग घरात जाऊन स्वतःच पोलिसांना फोन केला.

खुनाच्या खटल्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात: ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, त्याला दुसऱ्या दर्जाच्या, म्हणजे आधी आखणी करून न केलेल्या, खुनासाठी दोषी धरलं. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण त्याच्या मानसिक स्थितीचा विचार कसा करायचा हे न्यायाधीशाने ज्युरीला नीट समजावलं नव्हतं. सरकारने खटला पुन्हा चालवला नाही. देश सोडून जाण्याच्या अटीवर त्याला मोकळं केलं आणि तो भारतात परतला.

## न्यायालयासमोर खरा प्रश्न कोणता होता

तातियानाच्या आईवडिलांनी वेगळा, नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. प्रतिवादी होते विद्यापीठ, तिथले डॉक्टर आणि विद्यापीठाचे पोलीस. म्हणणं साधं होतं: तुम्हाला माहीत होतं, तुम्ही आम्हाला सांगितलं नाही.

दावा खालच्या न्यायालयांनी दारातूनच परत पाठवला. कारण तोवरचा नियम असा की दुसऱ्याच्या वागण्याला आपण जबाबदार नसतो. नदीत बुडणाऱ्या अनोळखी माणसाला मी वाचवलं नाही, तर माझ्यावर टीका होईल, पण दावा लागू शकत नाही. डॉक्टरचा रुग्ण होता प्रोसेनजित. तातियाना डॉक्टरच्या दृष्टीने परकी होती. मग तिचं देणं डॉक्टरला कुठून लागतं?

प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर यांनी लिहिलेल्या निकालाचं तर्कशास्त्र समजून घ्यायला आपल्याकडचं धरण घ्या. पाऊस कधी, किती पडेल हे धरणावरच्या अभियंत्याच्या हातात नाही. पूर त्याने आणलेला नाही. नदीकाठी पाण्याची मोटार काढायला उतरलेला शेतकरी त्याच्या नात्याचा ना गोत्याचा. तरीही पाण्याची पातळी फक्त त्याला दिसते, आणि विसर्ग सुरू होणार हे त्याला खालच्या गावांच्या आधी कळतं. म्हणून भोंगा वाजवायची जबाबदारी त्याच्यावर येते. त्याने जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवलं, त्यांनी तहसीलला कळवलं, फाइलवर शेरा पडला, आणि शेतकरी मोटारीपाशीच राहिला, तर इशारा दिला असं कुणी म्हणणार नाही.

कायद्याच्या भाषेत याला 'विशेष नातं' म्हणतात. डॉक्टर आणि रुग्ण यांचं नातं इतकं जवळचं आणि विश्वासाचं असतं की त्यातून हाती आलेल्या माहितीमुळे तिसऱ्या माणसाबद्दलही कर्तव्य निर्माण होतं. न्यायालयाने आधार दिला तो संसर्गजन्य रोगांचा. रुग्णाला क्षय किंवा देवी असतील तर घरच्यांना सावध करणं हे डॉक्टरचं काम आहे, हे अमेरिकेतल्या न्यायालयांनी आधीच मान्य केलं होतं. रोगाच्या जागी हिंसा ठेवली, इतकाच फरक.

आणि गुप्ततेचं काय? निकालातलं सर्वांत गाजलेलं विधान त्याबद्दलच आहे. त्याचा आशय असा की समाजाला धोका सुरू होतो तिथे गुप्ततेचं संरक्षण संपतं.

## एकाच प्रकरणात दोन निकाल

ही गोष्ट बऱ्याच लेखांतून सुटते. पहिला निकाल डिसेंबर १९७४ चा. त्यात म्हटलं होतं की संभाव्य बळीला इशारा देणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. डॉक्टरांच्या संघटना आणि पोलीस यांनी एवढा गदारोळ केला की न्यायालयाने फेरसुनावणी घेतली, जी फारच क्वचित मिळते. १ जुलै १९७६ ला दुसरा निकाल आला आणि तोच पुढे प्रमाण मानला गेला.

दुसऱ्या निकालाने कर्तव्याचं स्वरूप बदललं. धोक्यात असलेल्या व्यक्तीचं रक्षण होईल अशी रास्त काळजी घेणं हे कर्तव्य, आणि इशारा देणं हा त्याचा एक मार्ग. परिस्थितीनुसार पोलिसांना कळवणं, रुग्णाला दाखल करणं, औषध बदलणं, भेटी वाढवणं हेही मार्ग असू शकतात. कुठला वापरायचा हे उपचारकाने ठरवायचं. हा बदल किरकोळ वाटतो, पण व्यवहारात मोठा आहे. सगळे मार्ग संपल्यावर गुपित फोडायचं, की गुपित फोडण्यापासूनच सुरुवात करायची, हे त्यावर ठरतं.

आणखी एक. या निकालाने डॉ. मूर किंवा कुणालाही दोषी ठरवलं नाही. न्यायालयाने फक्त एवढंच म्हटलं की आईवडिलांचे आरोप सिद्ध झाले तर भरपाई मागता येते, म्हणून दावा चालवा. पुढे तो चाललाच नाही, न्यायालयाबाहेर तडजोड झाली. निष्काळजीपणा झाला की नाही, हे कुठल्याही ज्युरीने कधी ठरवलं नाही. मूर हे त्यातल्या त्यात धडपडलेले गृहस्थ होते. त्यांनी वरिष्ठांना विचारलं, पोलिसांना लिहिलं. आणि शिकवण्यात मात्र 'तारासॉफ प्रकरणातला चुकलेला उपचारक' म्हणून येतात तेच.

## पोलीस कसे सुटले?

हा प्रश्न कुणालाही पडेल. ज्यांनी त्याला समोर बसवून सोडून दिलं, ते सुटले, आणि ज्याने पत्र लिहिलं त्याच्यावर कर्तव्य?

न्यायालयाचं उत्तर असं की पोलीस आणि प्रोसेनजित किंवा पोलीस आणि तातियाना यांच्यात तसं 'विशेष नातं' नव्हतं. एका चौकशीने ते जुळत नाही. शिवाय कुणाला डांबायचं आणि कुणाला नाही, या निर्णयासाठी सरकारी अधिकाऱ्यांना कायद्याने दिवाणी दाव्यापासून संरक्षण दिलं होतं. त्याच कारणाने, त्याला दाखल का केलं नाही यासाठी डॉक्टरांवरही दावा चालू शकला नाही. उरला एकच मुद्दा, तो म्हणजे तिला कळवलं नाही हा.

कायद्याच्या चौकटीत हे तर्कशुद्ध आहे. मनाला पटत नाही, आणि पटावं असं मला वाटतही नाही.

## पण कुणाच्या मनातलं पुढचं कुणाला दिसतं?

निकालावरचा पहिला आक्षेप हाच होता आणि अजूनही आहे. रोज शेकडो माणसं समुपदेशकासमोर "त्याला जिवंत सोडणार नाही" म्हणतात. त्यातली किती खरोखर हात उचलतात? हिंसेचं भाकीत करण्यात तज्ज्ञही वारंवार चुकतात, हे त्या वेळच्या डॉक्टरांच्या संघटनांनी न्यायालयाला स्वतःहून सांगितलं.

न्यायालयाचं म्हणणं होतं की आम्ही अचूक भाकीत मागत नाही. त्या व्यवसायातला सर्वसाधारण जाणकार माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. अंदाज चुकला म्हणून कुणी दोषी ठरणार नाही. शिवाय या प्रकरणात भाकिताची अडचणच नव्हती. मूरचं भाकीत बरोबर होतं. ते करून झाल्यावर पुढे काय करायचं, तिथे सगळं अडलं.

## मग लोक बोलायचेच बंद होतील

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. न्यायमूर्ती विल्यम क्लार्क यांनी विरोधी मतात तो मांडला. आपलं बोलणं बाहेर जाऊ शकतं हे कळलं की ज्याला उपचाराची सर्वांत जास्त गरज आहे तोच येणार नाही, आला तर मनातलं बोलणार नाही, आणि जी हिंसा उपचाराने टळली असती ती टळणार नाही. म्हणजे जीव वाचवायला केलेला नियम जीव घेईल.

क्लार्क यांच्या बाजूने याच प्रकरणातला एक पुरावा आहे: पोलीस दारात येताच प्रोसेनजितने उपचार सोडले. पुढच्या काळात अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी ताडून पाहणारं संशोधनही झालं आणि सक्तीचा नियम असलेल्या राज्यांत खुनांचं प्रमाण काहीसं वाढलेलं दिसलं, असं २०१४ च्या एका अभ्यासात म्हटलं आहे. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये, पण क्लार्क यांची भीती हवेतली नव्हती एवढं मान्य करावंच लागतं.

दुसऱ्या बाजूला, इतक्या वर्षांत अमेरिकेत मानसोपचार कोसळले नाहीत. उपचारक पहिल्याच भेटीत सांगून टाकतात की या या गोष्टी मी लपवू शकणार नाही, आणि लोक तरीही येतात. मला वाटतं, आधी सांगितलेली मर्यादा माणसाला चालते. मागाहून कळलेली चालत नाही.

## रागात बोललेलं सगळं पोलिसात जाणार?

नाही. तारासॉफ निकालाची भीती घालणारे इथेच जास्त बोलतात, म्हणून हे नीट पाहू.

कॅलिफोर्नियाने १९८५ मध्ये कायदा करून कर्तव्याला कुंपण घातलं. धमकी गंभीर शारीरिक हिंसेची हवी आणि बळी ठरू शकणारी व्यक्ती ओळखता येण्याजोगी हवी, तरच उपचारकाची जबाबदारी. "सगळ्या जगाला आग लावावीशी वाटते" यावर कुणी पोलिसांना फोन करत नाही. १९८० मध्येच तिथल्या न्यायालयाने, शेजारच्या कुठल्यातरी मुलाला मारीन अशी मोघम धमकी देणाऱ्या तरुणाला सोडल्याबद्दल सरकारला जबाबदार धरायला नकार दिला होता. बळी कोण हेच ठरत नसेल तर इशारा कुणाला देणार?

उलट दिशेनेही कुंपण सरकलं. २००४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवलं की धमकी रुग्णाच्या तोंडून ऐकली पाहिजे असं नाही, त्याच्या जवळच्या कुटुंबीयाने विश्वासाने सांगितली तरी ती धमकीच.

अमेरिकेतलीही सगळी राज्यं एका सुरात नाहीत. काहींत कळवणं सक्तीचं, काहींत ऐच्छिक. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे कर्तव्य चक्क नाकारलं.

## आपल्याकडे कायदा काय म्हणतो

भारतात तारासॉफसारखा थेट निकाल नाही, पण पाटी कोरीही नाही.

१९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका डॉक्टरचंच प्रकरण आलं. रक्त देताना त्याला एचआयव्ही असल्याचं रुग्णालयाला कळलं, ही माहिती बाहेर गेली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याने रुग्णालयावर गुप्तताभंगाचा दावा केला. न्यायालय म्हणालं, गुप्ततेचा हक्क आहे, पण तो निरंकुश नाही. जिच्याशी लग्न होणार होतं तिच्या जिवाचा हक्क इथे वरचढ ठरतो. तर्क तोच, फक्त चाकूच्या जागी विषाणू.

मानसिक आजारांपुरता मुख्य कायदा म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम. त्याचं कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं आणि लगेच अपवादही सांगतं. दुसऱ्या व्यक्तीला इजा किंवा हिंसेपासून वाचवण्यासाठी गरज असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, तर माहिती देता येते. पण धोका टाळायला जेवढी लागेल तेवढीच द्यायची. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. मुलीला सांगायचं ते एवढंच की अमुक माणसापासून तुझ्या जिवाला धोका आहे, एकटी राहू नकोस, पोलिसांकडे जा. त्याला कोणता आजार आहे, तो कोणत्या गोळ्या घेतो, लहानपणी त्याच्याबाबत काय झालं, यातलं अक्षरही तिला सांगायची गरज नाही.

लक्षात घ्या, हे कलम मुभा देतं, सक्ती करत नाही. कॅलिफोर्नियात न सांगितल्याबद्दल दावा लागतो. आपल्याकडे हा कायदा सांगितल्याबद्दल संरक्षण देतो. सक्ती दुसरीकडे दडलेली आहे आणि ती डॉक्टरपुरती नाहीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार, पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेत ते कलम ३९ होतं, कुणी खून करणार असल्याचं ठाऊक असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. रास्त कारण असेल तरच सूट. यातही एक पोकळी आहे: कळवायचं पोलिसांना. जिचा जीव जायचा तिला कळवा, असं हे कलम म्हणत नाही. बर्कलीत नेमकं हेच झालं होतं.

दोन गोष्टी पालकांनी आणि कॉलेजांनी वेगळ्या ध्यानात ठेवाव्यात. मूल १८ वर्षांखालचं असेल आणि त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समुपदेशकाला समजलं, तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे विवेकाला जागा ठेवलेली नाही. आणि दुसरं, २०१७ च्या अधिनियमात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण याची व्याख्या अरुंद आहे. मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजसेवक असे मोजके लोक त्यात बसतात. एम.ए. करून समुपदेशनाचा डिप्लोमा केलेल्या कॉलेजच्या मॅडम त्यात बसतीलच असं नाही. म्हणजे ज्यांना आपण घाईघाईने नेमणार आहोत, त्यांची गुप्तता आणि त्यांचे अपवाद दोन्ही कॉलेजलाच लेखी नियमांत आधी ठरवून ठेवावे लागतील. मनातली घालमेल कॉलेजबाहेर बोलायची असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि तुम्हालाच कुणापासून धोका वाटत असेल, तर समुपदेशकाची वाट न पाहता ११२.

## पहिल्या भेटीत काय विचारायचं

ज्यांच्या घरातलं कुणी समुपदेशकाकडे जाणार आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी सरळ विचारावं: तुम्ही कोणत्या परिस्थितीत माझं बोलणं दुसऱ्याला सांगाल, आणि कुणाला? प्राचार्यांना सांगाल का? आईवडिलांना? सांगण्याआधी मला सांगाल का? चांगला समुपदेशक याला बिचकत नाही. संमतिपत्र पुढे करतो आणि त्यातल्या ओळी वाचून दाखवतो. "काळजी करू नका" एवढ्यावर जो विषय संपवतो, त्याच्याकडे कागद मागावा.

कॉलेजांनी आपल्या कागदात एक ओळ जास्त घालावी. धोका ठरावीक व्यक्तीला आहे असं दिसलं, तर त्या व्यक्तीला कोण फोन करणार, तिचं किंवा तिच्या घरच्यांचं नीट चालणारं संपर्काचं साधन कुठे नोंदलेलं असणार, आणि फोन झाला याची नोंद कोण ठेवणार. समुपदेशक रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण. विभागप्रमुखाला हा निर्णय एकट्याने फिरवता येणार का? पॉवेलसन यांनी तो एकट्याने फिरवला होता.